कुंडीतला कढीपत्ता वाढत का नाही? आणि एवढा खटाटोप करण्याइतकं त्यात काय आहे?

बिनगच्चीचा – ९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

कढीपत्त्याचं रोप, वय दोन वर्षं, उंची जेमतेम दीड वीत. एकच काडी सरळ वर गेलेली, फांदी एकही नाही. तपशील देतो म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील:

कुंडी ८ इंची, नर्सरीतून आली तीच. पुणे, पूर्वेची बाल्कनी, ऊन सकाळी ७ ते ९. पाणी बोअरचं, रोज एक तांब्या. दर महिन्याला दोन मुठी गांडूळखत. नवीन पानं पिवळट येतात, शिरा मात्र हिरव्या. जुनी पानं ठीक. फोडणीपुरती चार-सहा पानं खुडली जातात, तीही खालच्या बाजूची.

प्रश्न तीन. खत कोणतं कमी पडतंय? ताक घालावं का? आणि कढीपत्त्याचे जे फायदे सगळीकडे फिरत असतात त्यांतले खरे किती? भाजीवाली मूठभर फुकट देते, मग हा उद्योग कशाला, असंही घरातून विचारणं होतंय.

हिंगजिरं – ९ फेब्रुवारी, रात्री ९:५२

फुकट देण्याचे दिवस गेले. आता दहा रुपयांची जुडी, आणि त्यात निम्म्या नुसत्या काड्या.

सोटमूळ – ९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

खत कमी पडत नाहीये. कुंडी लहान आहे, ऊन अर्धंसुद्धा नाही, आणि पाणी रोज आहे. या तिन्ही गोष्टी तशाच ठेवून कितीही खत घातलं तरी रोप जागचं हलणार नाही.

कढीपत्ता मुळात झाड आहे, जमिनीत १५ फूट सहज जातं. त्याला सोटमूळ असतं. ८ इंची कुंडीत ते तळाला लागतं आणि गोल फिरायला लागतं. कुंडी उपडी करून गड्डा बाहेर काढा, पांढऱ्या-तपकिरी मुळांचं चुंबळ दिसेल.

करायचं असं. १२ इंची कुंडी घ्या, १४ मिळाली तर उत्तम, पण एकदम १८ची नको. मोठ्या कुंडीतली न वापरलेली माती ओली राहते आणि मुळं कुजतात. मिश्रण: लाल माती ४ भाग, जुनं शेणखत किंवा गांडूळखत ३, कोकोपीट २, जाड वाळू १. काळी माती नको. गड्ड्याभोवती गोल फिरलेली मुळं बाहेरून बोटभर कात्रीने कापा, तळाचं चुंबळ सोडवा. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, आठवडाभर सावली, मग उन्हात.

ऊन ५-६ तास थेट हवं. पूर्वेच्या बाल्कनीत कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, जाळीत ठेवता आली तर तासभर वाढतो.

गवतीचहा – ९ फेब्रुवारी, रात्री १०:३१

फेब्रुवारीतच कुंडी बदलायची का? थंडी आहे अजून.

सोटमूळ – ९ फेब्रुवारी, रात्री १०:४४

पंधरा दिवस थांबलं तर बरं. डिसेंबर-जानेवारीत कढीपत्ता झोपलेला असतो, मुळं कापली तर भरून येत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी टोकाला नवा लालसर कोंब दिसला की कुंडी बदलायची आणि छाटायचंही. पुण्या-नाशकाकडे थंडीत पानं पिवळी होऊन गळतात, लोक घाबरून पाणी वाढवतात आणि तिथेच झाड जातं. थंडीत आठवड्यातून दोनदा पाणी पुरे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर द्या, नाही तर नाही.

चुनखडी – १० फेब्रुवारी, सकाळी ७:२०

पिवळ्या पानांबद्दल सोटमूळ काही बोलले नाहीत, ते मी लिहितो. कोणतं पान पिवळं आहे यावरून निदान होतं.

नवं पान पिवळं, शिरा हिरव्या: लोह कमी. जुनं पान शिरांमध्ये पिवळं: मॅग्नेशियम कमी. जुनं पान सरसकट फिकट: नत्र कमी. सगळंच पिवळं आणि मऊ: पाणी जास्त, मुळं बघा.

तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे. पण मातीत लोह नाही असं सहसा नसतं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी माती चुनखट होते, आणि चुनखट मातीत असलेलं लोह मुळांना घेता येत नाही. तपासायला मूठभर माती वाळवून तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे.

उपाय दोन. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, २ ते ३ ग्रॅम एक लिटर पाण्यात, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. दर १० दिवसांनी, तीन वेळा. द्रावण ताजं हवं. ठेवलं की तांबूस होतं, मग उपयोग नाही. फरशीवर सांडलं तर डाग कायमचा राहतो, खाली गोणपाट टाका.

दुसरा उपाय ईडीडीएचए चिलेटेड लोह, म्हणजे चुनखट मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह, कृषी दुकानात मिळतं. तपकिरी-लाल भुकटी, पाण्यात कोकमाच्या सरबतासारखी दिसते. १२ इंची कुंडीला २ ग्रॅम लिटरभर पाण्यात, थेट मातीत. ईडीटीए नावाचं स्वस्त मिळतं ते चुनखट मातीत टिकत नाही, ते फक्त फवारायला.

पाटावरवंटा – १० फेब्रुवारी, सकाळी ८:०५

एवढं रसायनशास्त्र कशाला? आंबट ताक घाला. पिढ्यान्‌पिढ्या घालतात, कढीपत्ता फोफावतो.

चुनखडी – १० फेब्रुवारी, सकाळी ८:४०

ताकाला विरोध नाही, फक्त ते काय करतं ते कळलेलं बरं. आंबटपणामुळे मुळांजवळची माती थोडा वेळ आम्ल होते आणि अडकलेलं लोह सुटतं. शिवाय थोडं नत्र, थोडं कॅल्शियम. परिणाम आठ-पंधरा दिवसांचा. ज्या अंगणात लाल माती आहे तिथे तेवढं पुरतं, बोअरच्या पाण्यावरच्या कुंडीत पुरत नाही.

हिंगजिरं – १० फेब्रुवारी, सकाळी ९:१२

ताक घालणाऱ्यांनो, मीठ घातलेलं उरलेलं ताक ओतू नका ही हात जोडून विनंती. जिरं-हिंग-मिरची घातलेलं मठ्ठ्याचं पातेलं विसळून तर अजिबात नको. पानांच्या कडा करपल्या की लोक "कीड पडली" म्हणून फोटो टाकतात.

प्रमाण: बिनमिठाचं, दोन-तीन दिवसांचं आंबट ताक १ वाटी, पाणी ६ ते ८ वाट्या. महिन्यातून दोनदा, संध्याकाळी, खोडापासून चार बोटं लांब. घट्ट ओतलं तर मातीवर पांढरी साय धरते, मुंग्या येतात, वास येतो आणि शेजारी येतात.

रानभेंडी – १० फेब्रुवारी, सकाळी ९:३०

गंजलेले खिळे कुंडीत पुरतात त्याचं काय?

चुनखडी – १० फेब्रुवारी, सकाळी ९:४१

गंज पाण्यात विरघळत नाही आणि चुनखट मातीत तर मुळीच नाही. पुढच्या वेळी कुंडी बदलताना हाताला टोचतात, एवढाच त्यांचा परिणाम.

गवतीचहा – १० फेब्रुवारी, दुपारी १:१५

जुडीतली काडी पाण्यात ठेवून रोप करण्याचे व्हिडिओ दिसतात. बटाट्यात खोचतात, कोरफडीत बुडवतात. जमतं का?

सोटमूळ – १० फेब्रुवारी, दुपारी २:०२

नाही, आणि का नाही हे एकदा नीट बघण्यासारखं आहे.

जुडीतली एक "काडी" हातात घ्या. तिच्यावर आलटून-पालटून ११ ते २१ छोटी पानं असतात. आपण त्या प्रत्येकाला पान म्हणतो, पण वनस्पतीच्या हिशेबात ती अख्खी काडी मिळून एक पान. छोटी पानं म्हणजे पर्णिका. ती काडी जिथे खोडाला चिकटते तिथल्या बेचक्यात डोळा असतो, आणि तो खोडावर असतो, काडीवर नाही. म्हणजे जुडीतल्या काडीला डोळाच नाही. पाण्यात ती पंधरा दिवस हिरवी राहील, एखादवेळी दोन मुळंही दाखवील, पण कोंब फुटायला तिच्याकडे काही नाही.

पेन्सिलीएवढ्या जाड, तपकिरी खोडाचा तुकडा असेल तर पावसाळ्यात क्वचित जगतो. दहातले एक-दोन.

अटकमटक – १० फेब्रुवारी, दुपारी २:२०

म्हणजे "चार पानं टाक गं फोडणीत" याचा अर्थ चार अख्ख्या काड्या. मागच्या सगळ्या आमट्या चुकल्या.

केवडा_बन – १० फेब्रुवारी, दुपारी ३:३७

रोप करण्याचे भरवशाचे मार्ग दोनच. एक, मोठ्या झाडाच्या मुळांवरून निघालेले फुटवे. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीतभर उंचीचा फुटवा बघायचा, बाजूची माती उकरायची, आईच्या मुळाकडची बाजू सुरीने तोडायची आणि त्याची स्वतःची तंतुमुळं राखून उचलायचा. तंतुमुळं नसतील तर नुसतं तोडून तिथेच ठेवायचा आणि तीन-चार आठवड्यांनी उचलायचा.

दुसरा मार्ग बिया. फळ काळं-जांभळं पिकल्यावर घ्यायचं, गर चोळून धुवायचा आणि दोन-चार दिवसांत पेरायचं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल. दोन-तीन आठवड्यांत उगवतं. बी वाळलं की मेलं, तीन आठवड्यांनंतर उगवण जवळपास संपते. म्हणून पाकिटात मिळणाऱ्या वाळक्या बिया घेऊ नयेत.

गर गोडसर असतो, पण बी चावू नये, ते विषारी मानतात. लहान मुलं असलेल्या घरी लक्ष असू द्या.

वरुडपट्टा – १० फेब्रुवारी, सायंकाळी ६:५०

आमच्याकडे याला गोडलिंब म्हणतात. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. कढीपत्ता संत्रा-मोसंबीच्या कुळातला आहे. सिट्रस सिला नावाची बारीक उडी मारणारी कीड गोडलिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर अंडी घालते, आणि तीच संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवते. वरुड-मोर्शीकडे ज्यांची बाग आहे त्यांनी बांधावर गोडलिंब ठेवू नये. ठेवलाच तर संत्र्यावर नवती, म्हणजे नवी पालवी, येते तेव्हा गोडलिंबाचे शेंडेही तपासावेत. शहरातल्या कुंडीला हा नियम नाही, पण शेजारच्या कुंडीत लिंबू असेल तर लक्ष ठेवा.

ओळखायची खूण: कोवळी पानं मुडपलेली आणि त्यांवर मेणासारखे पांढरे वळलेले धागे. पिल्लं चिकट सोडतात, त्यावर काजळी धरते.

उत्तरध्रुव – १० फेब्रुवारी, रात्री ८:३०

अमेरिकेत याच किडीमुळे कढीपत्त्याच्या रोपावर निर्बंध आहेत. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सासच्या क्वारंटाइन भागांतून रोप बाहेर नेता येत नाही, आणि भारतातून येताना ताजी पानंही सामानात आणू नयेत, विमानतळावर काढून घेतात. इथल्या इथे परवानाधारक नर्सरीतून रोप घ्यावं.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायला लागलं की कुंडी आत. आत आणण्याआधी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा, नाहीतर पिठ्या ढेकूणही घरात येतो. आत आल्यावर निम्मी पानं गळतात. ते नेहमीचंच, पाणी वाढवायचं नाही. १२-१५ दिवसांतून एकदा पुरतं.

रानभेंडी – ११ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

माझ्या मते रोज पाहण्यासारखी कीड सिला नाही, लिंबू फुलपाखराची अळी. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळी-पांढरी, म्हणून नजरेतून सुटते. मोठी झाली की पानाच्या रंगाची हिरवी. काडीने डिवचली तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दीड वीत रोप दोन अळ्या दोन दिवसांत बोडकं करतात. औषध नको, सकाळी हाताने उचलायच्या.

अटकमटक – ११ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

उचलून शेजारच्यांच्या लिंबावर?

रानभेंडी – ११ फेब्रुवारी, सकाळी ८:१४

तसं मी लिहिलेलं नाही.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड मात्र हाताने निघत नाही. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून खोड घासायचं. नंतर कडुनिंबाचं तेल ५ मिली, द्रव साबण १ ते २ मिली, पाणी १ लिटर, संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला, तीनदा. आधी साबण आणि तेल कालवायचं, मग पाणी. उलटं केलं की तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात पानं जळतात. फवारल्यावर आठवडाभर पानं खायची नाहीत. मुळातून देण्याची आंतरप्रवाही कीटकनाशकं तर फोडणीच्या झाडाला कधीच नकोत, ती पानांतच उतरतात.

केवडा_बन – ११ फेब्रुवारी, सकाळी १०:२६

मूळ प्रश्नातली सगळ्यात मोठी चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटली: "खालच्या बाजूची चार-सहा पानं खुडली जातात."

खालून पर्णिका खुडायच्या आणि शेंडा शाबूत ठेवायचा, म्हणजे एकच काडी वर जाणार हे ठरलेलं. जोवर शेंडा आहे तोवर तो खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. त्यामुळे तोडणी वरून करायची. धारदार कात्रीने, एखाद्या पानाच्या बेचक्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका काप. खालचे दोन-तीन डोळे फुटतात. ते वीतभर झाले की त्यांचेही शेंडे. दोन वर्षांत याची झुडुपासारखी पसरण होते.

पण दीड वीत रोपाचा शेंडा आत्ताच कापू नका, आधी कुंडी. एकाच दिवशी मुळं आणि शेंडा दोन्ही कापले तर रोप बसतं. कुंडी बदलल्यावर नवी दोन-तीन पानं आली की कापा.

अख्खं पान हवं असेल तर काडीसकट घ्या, खोडाशी दोन-तीन मिलिमीटर ठेवून कात्रीने. हाताने खाली ओढलं तर सालीची पट्टी सोलली जाते आणि डोळाही जातो. एका वेळी झाडाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नाही.

आणि मार्च ते मे पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. पानं हवी असतील तर तुरा कळीतच काढायचा. बुलबुलांसाठी एखादा ठेवायला हरकत नाही, झाडाखाली रोपं तेच पेरून देतात.

पाटावरवंटा – ११ फेब्रुवारी, सकाळी ११:०२

शेंड्याचं अगदी पटलं. ताकाचं मात्र अजून माझं मत तेच आहे.

निवांत_डबा – ११ फेब्रुवारी, दुपारी ४:१८

फायद्यांचा प्रश्न कोणी घेत नाही म्हणून मी घेतो.

१०० ग्रॅम ताज्या पानांत कॅल्शियम ६०० मिलीग्रॅमहून जास्त असतं, हे खरं. अ जीवनसत्त्व बनवणारं कॅरोटीनही भरपूर. आता हिशेब: फोडणीत ८-१० पर्णिका, म्हणजे साधारण एक ग्रॅम. त्यातून कॅल्शियम सहा-सात मिलीग्रॅम. तेही ताटाच्या कडेला काढून ठेवलं तर शून्य. तमिळमध्ये गरज सरल्यावर बाजूला काढलेल्या माणसाला "करिवेप्पिलै" म्हणजे कढीपत्ताच म्हणतात, यावरून सगळीकडे काय होतं ते कळतं.

साखर कमी होते म्हणतात. उंदरांवरचे प्रयोग आहेत, माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. त्यावर विसंबून गोळ्या बंद करू नयेत. केसांच्या तेलात उकळतात, तेलाला वास छान येतो, पण पांढरे केस काळे होतात याला आधार नाही.

खरा फायदा वासाचा आहे. तो उडून जाणाऱ्या तेलाचा असतो आणि पान तोडल्यापासून कमी होत जातो. तोडल्यावर दहा मिनिटांत कढईत पडलेलं पान आणि चार दिवस जुडीत राहिलेलं पान यांची तुलनाच नाही. कुंडी ठेवायला माझ्या मते एवढं एकच कारण पुरे.

हिंगजिरं – ११ फेब्रुवारी, सायंकाळी ५:०५

पोटात जायला हवं असेल तर चटणी. ताजी पानं धुऊन, पुसून, सावलीत पंख्याखाली दोन दिवस. उन्हात नाही, रंगही जातो आणि वासही. दोन वाट्या अशी पानं मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत परता. मुठीत दाबली की चुरा झाला पाहिजे, वाकलं तर अजून पाणी आहे. वेगळं भाजा: उडीद डाळ पाव वाटी, तीळ पाव वाटी, सुकं खोबरं अर्धी वाटी, सुक्या मिरच्या ६-७. चिंच सुपारीएवढी, तीही तव्यावर कोरडी करून. मीठ. सगळं थंड झाल्यावर वाटा. गरम वाटलं की खोबऱ्याचं तेल सुटतं आणि गोळा होतो. कोरड्या बरणीत महिनाभर राहते. बिघडते ती पान अर्धओलं राहिल्यामुळेच.

फोडणीत क्रम मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, मग हळद. पान पुसलेलं हवं, नाहीतर तेल तोंडावर. जास्तीची पानं न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये दोन आठवडे. फ्रीझरमधली बाहेर काढून ठेवली की काळी पडतात, तशीच गोठलेली तेलात टाकायची.

गवतीचहा – १२ फेब्रुवारी, सकाळी ८:२२

नर्सरीत दोन प्रकार दिसतात, एक मोठ्या पानाचा आणि एक बारीक. कोणता घ्यावा?

सोटमूळ – १२ फेब्रुवारी, सकाळी ९:००

बारीक, गडद पान आणि लालसर देठ असलेला वासाला सरस. मोठं फिकट पान दिसायला भरघोस, फोडणीत मवाळ. पण दिसण्यावर जाऊ नका. एक पर्णिका चुरडून हुंगा, वास बोटांवर राहिला पाहिजे. हुंगण्याचा दुसरा फायदा असा की कुंतीचं रोप कढीपत्ता म्हणून घरी येत नाही. कुंती याच्या जवळची, पान चकचकीत, फुलं सुंदर, आमटीत निरुपयोगी.

बिनगच्चीचा – २४ मे, रात्री १०:०५

धागा वर काढतो. २६ फेब्रुवारीला १२ इंची कुंडीत हलवलं. गड्डा काढल्यावर तळाला मुळांचे तीन वेढे होते आणि पाणी जायचं भोक त्यांनीच बुजलेलं होतं. माती व्हिनेगरने फसफसली. ईडीडीएचए दोनदा, महिन्याच्या अंतराने. कुंडी जाळीत, ऊन आता सकाळी १० पर्यंत. पाणी तिसऱ्या दिवशी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेंडा कापला, खाली तीन फांद्या फुटल्या. नवीन पान हिरवं आहे.

प्रश्न एकच. त्या तीनपैकी एका फांदीच्या टोकाला आता कळ्यांचा तुरा आलाय. काढू?

केवडा_बन – २४ मे, रात्री १०:१९

काढा. तुऱ्याखालचं एक पान धरून कापा, म्हणजे तीही फांदी दुभंगेल. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून दोन विटा ठेवा, भोक पुन्हा बुजायला नको.

पाटावरवंटा – २४ मे, रात्री १०:२५

आणि ताक?

बिनगच्चीचा – २४ मे, रात्री १०:३१

दोनदा घातलं. बिनमिठाचं, एकास आठ.